करारनाम्याची मागची बाजू

सुभद्रा गेली त्या दिवशी रमाकांत परब करी रोडच्या एका टॉवरच्या डोक्यावर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये होता. चौतीस मजल्यांचा टॉवर. मशीन रूममध्ये मोबाइलला रेंज नसते. दोन लिफ्टपैकी एक त्यानेच दुरुस्तीसाठी बंद करून ठेवली होती, तिचा पार्ट संध्याकाळी यायचा होता. दुसरीत बाविसाव्या मजल्यावरच्या कुणीतरी सोफा घातला होता आणि तो ना आत जात होता ना बाहेर येत होता. शेवटी रमाकांत जिन्याने निघाला. लिफ्टवाल्याने जिना उतरावा यासारखी नामुष्की नाही, असं पुटपुटत तो एकोणिसाव्या मजल्यापर्यंत आला आणि तिथे खिशातला फोन थरथरायला लागला. अकरा मिस्ड कॉल. त्यातले सात हितेंद्रशेठचे.

हिंदमाताला हितेंद्रशेठचं साड्यांचं दुकान आहे. सुभद्रा तिथे सोळा वर्षं काउंटरवर होती. रमाकांतने शेठना फोन लावला. गिऱ्हाईकाला साडी उलगडून दाखवता दाखवता ती 'जरा टेकते' म्हणाली, खुर्चीत बसली आणि उठलीच नाही, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं. डॉक्टर येऊन गेले होते.

उरलेले एकोणीस मजले रमाकांत उतरला. घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी कठडा धरून भराभर उतरला. खाली वॉचमनने विचारलं, लिफ्ट कधी चालू होणार. रमाकांतने सांगितलं, संध्याकाळी. मग तो हिंदमाताला गेला.

घरात तीन माणसं होती, ती दोन झाली. रमाकांत आणि बारावीला असलेली पूर्वी. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. चाळीला लिफ्ट नाही, आणि त्यावरून रमाकांतची अठ्ठावीस वर्षं थट्टा झालेली आहे, त्यामुळे ती इथे पुन्हा करत नाही.

या घरात अटी घालायचं काम सुभद्राचं असायचं. साडीच्या दुकानात सोळा वर्षं काढलेली बाई, घासाघीस तिच्या हाडात मुरली होती. पूर्वीला दहावीत मोबाइल हवा होता तेव्हा सुभद्रा म्हणाली, घे, पण सकाळी पाणी भरायचं तुझ्याकडे. पाणी साडेचारला यायचं. पूर्वीने दोन महिने पाणी भरलं, मग म्हणाली, मोबाइल परत घे. सुभद्राने मोबाइल घेतला नाही आणि पाणीही सोडलं नाही. अट घालताना ती हसायची. समोरच्याला वाटायचं, आपलाच फायदा झाला. रमाकांतला हे कधी जमलं नाही. तो पगार आणून द्यायचा आणि दोघींपैकी जी जिंकेल तिच्या बाजूने मान डोलवायचा.

पूर्वीने त्या वर्षी परीक्षा दिली, सीईटी दिली, मार्क चांगले पडले. रमाकांतच्या मनात हिशेब सोपा होता. परळ, दादर, माटुंगा, कुठेही टाकली तरी मुलगी चालत जाईल आणि संध्याकाळी चालत परत येईल. ऑगस्टमध्ये एका शनिवारी सकाळी चहा पिताना पूर्वी म्हणाली की यादीत नाव लागलं. मत्स्यविज्ञानाचं कॉलेज, रत्नागिरीजवळ. चार वर्षं. हॉस्टेल. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत फी भरली नाही तर जागा पुढच्याला.

रमाकांतने बशीतला चहा पुन्हा कपात ओतला. मासे शिकायला रत्नागिरी कशाला, असं त्याने विचारलं. सुभद्रा मासळीबाजारात गेली की पापलेटचे कल्ले उचलून असं काही बघायची, की कोळीण स्वतःहून भाव कमी करायची. त्या हिशेबाने ती प्राध्यापकच होती, कोणत्या कॉलेजात गेली होती? पूर्वी म्हणाली की हे खायच्या माशांचं नाही, जगवायच्या माशांचं आहे. शिवाय आईला माहीत होतं. कॉलेज आईनेच निवडलं होतं, जाण्याच्या आदल्या महिन्यात बसून माहितीपत्रक वाचलं होतं.

हे रमाकांतला नवीन होतं. त्याला थोडा राग आला, पण ज्या माणसावर राग यावा ते माणूस हजर नव्हतं.

त्याचे वडील विजयदुर्गहून बोटीने मुंबईला आले आणि गिरणीत लागले. गिरणी गेली, तिच्या जागेवर टॉवर आला, टॉवरच्या लिफ्टमध्ये मुलगा लागला. आणि आता नात उलटी कोकणात निघाली होती, तीही पुस्तकं घेऊन. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. पोरीला वाढवताना सतरा वर्षं 'शिक, शिक' म्हणून सांगायचं आणि अठराव्या वर्षी 'एवढं नको' म्हणायचं, हे लालबागमध्ये कुणाला सांगितलं असतं तर लोक हसले असते. तेव्हा रमाकांतने वेगळा मार्ग धरला.

"पैसे देईन," तो म्हणाला. "पण माझ्या अटी आहेत."

पूर्वीने विचारलं, कुठल्या. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्याकडे एकही अट नाही. लेखी देतो, असं सांगून तो कामावर गेला.

दिवसभर त्याने अटी शोधल्या. सुभद्रा त्या कुठून काढायची कोण जाणे. दुपारी ऑफिसात एका सोसायटीचा वार्षिक देखभालीचा करार रिन्यू करायला निघाला होता आणि कपाटातून कोरा फॉर्म काढताना रमाकांतला वाटलं, सगळं तर इथेच आहे. एक जण पैसे देतो, दुसरा वेळेवर येऊन काम करतो. अठ्ठावीस वर्षं तो याच फॉर्मवर सेक्रेटरी लोकांच्या सह्या घेत होता. यात काय काय सुटू शकतं, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी त्याने दोन फुलस्केप कागद घेतले आणि फॉर्म समोर ठेवून उतरवून काढलं. पैसे देणारा तो ग्राहक, म्हणजे रमाकांत. सेवा देणारी ती कंपनी, म्हणजे पूर्वी. मुदत चार वर्षं. कंपनीने महिन्यातून दोनदा सर्व्हिस व्हिजिट द्यावी, शनिवारी येऊन रविवारी जावं. बिघाडाचा कॉल आल्यास चोवीस तासांत हजर व्हावं. रोज सकाळी आठच्या आत चालू स्थितीचा रिपोर्ट फोनवर द्यावा. दर सहा महिन्यांनी, म्हणजे सेमिस्टरला, टेस्टिंग करून निकाल दाखवावा. बाहेरचा कोणताही पार्ट ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय बसवू नये. हे सगळं फॉर्ममध्ये जसं होतं तसंच त्याने घेतलं. शेवटी सातवं कलम मात्र त्याने स्वतःच्या डोक्याने घातलं, आणि ते लिहिताना बॉलपेन इतकं दाबलं की मागच्या कागदावर उमटलं. पाण्यात उतरायचं नाही. बोटीवर चढायचं नाही.

पूर्वीने कागद वाचला. सहाव्या कलमापाशी थांबून तिने विचारलं की बाहेरचा पार्ट म्हणजे काय.

"ते सगळ्यांच्याच करारात असतं," रमाकांत म्हणाला आणि पंख्याकडे बघायला लागला.

मग तिने खाली वाचलं. कागद घेऊन शेजारी चिंतामणीकाकांकडे गेली. रमाकांतला बरं वाटलं. साक्षीदाराची सही घ्यायला गेली म्हणजे जमलं.

चिंतामणीकाका म्युनिसिपालिटीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्यातला हेडक्लार्क अजून निवृत्त झालेला नाही. चाळीतला कुठलाही अर्ज त्यांच्या चष्म्याखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. त्यांच्याकडे स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का आहे आणि तो ते वाणसामानाच्या यादीवरही मारतात. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, तेव्हा रमाकांतला शंका आली. इतक्यात काकाच पूर्वीला पुढे घालून आले.

"रमाकांत, हा मसुदा अपुरा आहे," ते खुर्ची ओढून घेत म्हणाले. "अशा कागदावर मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही. याची मागची बाजू कुठे आहे?"

रमाकांतने विचारलं, कसली मागची बाजू. खरं तर कसली ते त्याला नीट ठाऊक होतं.

गेली अठ्ठावीस वर्षं हा माणूस घरी येऊन एकच तक्रार करत आला होता. सोसायटीवाले कराराची पुढची बाजू वाचतात. कंपनी कधी येणार, काय करणार, सगळं पाठ. मागची बाजू कुणी उलटून बघत नाही. मागे ग्राहकाची कर्तव्यं छापलेली असतात. मशीन रूममध्ये गाद्या भरून ठेवतात, चावी सापडत नाही, वॉचमन स्वतः पाना घेऊन वर चढतो, आणि लिफ्ट बंद पडली की बोंब कंपनीच्या नावाने. जेवताना, झोपताना, सणासुदीला रमाकांतने हे इतक्यांदा ऐकवलं होतं की पूर्वीला ती मागची बाजू पाढ्यासारखी यायची. आणि त्याच रमाकांतने करार उतरवताना फॉर्म उलटून पाहिला नव्हता.

"पप्पा, तुम्ही पण सोसायटीवालेच निघालात," पूर्वी म्हणाली आणि तिने दुसरा कागद पुढे ठेवला. मागची बाजू तिने आठवून लिहून काढली होती. भाषा काकांनी दुरुस्त केली होती.

मशीन रूम ग्राहकाने स्वच्छ, कोरडी आणि उजेडाची ठेवावी. तिथे इतर सामान साठवू नये. मशीन रूम म्हणजे खोली, असा खुलासा काकांनी केला. सुभद्रा गेल्यापासून रमाकांत ऑफिसातून जुने पार्ट आणून पलंगाखाली ठेवत होता, ते सगळ्या चाळीला माहीत होतं. रिकाम्या घरात त्याला काहीतरी दुरुस्त करत बसायला लागायचं. दुसरं, कंपनीचा माणूस व्हिजिटला आल्यावर ग्राहकाने हजर राहावं, ओव्हरटाइम घेऊ नये. तिसरं, ग्राहकाने दोन वेळा वरण-भात तरी शिजवावा, वडापावला जेवण समजू नये. हे मूळ फॉर्ममध्ये नव्हतं, पण सातवं कलम तरी कुठे होतं, असं पूर्वीचं म्हणणं पडलं. चौथं कलम तिने फॉर्ममधलं शब्दन् शब्द उतरवलं होतं. मशीनमध्ये कोणताही आवाज, थरथर किंवा गरम होणं जाणवल्यास पुढच्या व्हिजिटची वाट न पाहता ताबडतोब कळवावं. लपवून ठेवू नये.

ते वाचून रमाकांतने कागद खाली ठेवला. जाण्याआधी सुभद्राच्या छातीत दोनदा दुखलं होतं. अॅसिडिटी म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ते नंतर दुकानातल्या पोरींकडून कळलं.

"हे ठेव," तो म्हणाला.

मग वाटाघाटी सुरू झाल्या आणि सोमवारपर्यंत चालल्या. काका दोन्ही पक्षांचे वकील होते, आणि चहा दोन्ही पक्षांकडून घेत होते. महिन्याला दोन व्हिजिट म्हणजे पोरीने एसटीतच शिकायचं का, यावर एक व्हिजिट ठरली. रोजचा रिपोर्ट राहिला. करार फक्त लेबरचा की पार्टसकट, असं पूर्वीने विचारलं, म्हणजे मोबाइलचं रिचार्ज आणि कपडे यात धरलेत का. पार्टसकट, असं ठरलं. सहाव्या कलमावर काकांनी सुचवलं की परवानगी नसेल तर निदान पूर्वसूचना द्यावी. रमाकांतने ते अर्धा दिवस अडवून धरलं आणि मग सोडलं.

सातवं कलम हलेना.

पूर्वीने समजावून पाहिलं की दुसऱ्याच वर्षापासून बोटीवर प्रॅक्टिकल असतं. एक छोटी सफर पहिल्या वर्षीही असते. पाण्यात न उतरता मत्स्यविज्ञान म्हणजे शिडीवर न चढता लिफ्टचं काम. रमाकांत म्हणाला, मासे बाजारात येतात, तिथे बघ. काकांनी सांगितलं की हे कलम राहिलं तर करारच निरर्थक होतो. रमाकांत म्हणाला, होऊ दे. मंगळवार उजाडला. माहीमहून सुभद्राच्या बहिणीचा फोन आला. पोरीला समुद्रात पाठवतोस का, म्हणून तिने रमाकांतला चांगलंच फैलावर घेतलं. एरवी मेव्हणीचं एकही वाक्य न पटणाऱ्या रमाकांतला त्या दिवशी तिचं सगळं पटलं.

मंगळवारी संध्याकाळी पूर्वी पोळ्या करत होती आणि तो ताट घेऊन बसला होता. तिने तवा उतरवला, गॅस बंद केला.

"पप्पा, आई तळमजल्यावर गेली," ती म्हणाली. "हिंदमाताला. पंख्याखाली, खुर्चीत बसून."

रमाकांतने पोळीचा तुकडा मोडला.

"तुम्ही रोज चौतीस मजल्यांच्या भोकावर उभे राहता. आईने कधी लिहून दिलं, की चढायचं नाही म्हणून?"

"तिनेही अट घातली होती," तो म्हणाला.

पूर्वीला हे माहीत नव्हतं. तिने विचारलं, काय.

त्याने सांगितलं. लग्नाला महिना झाला होता. शाफ्टमध्ये काम करताना त्याच्या हाताखालचा एक जण पडता पडता वाचला, आणि ते त्याने घरी येऊन मोठ्या बढाईने सांगितलं. सुभद्रा दोन दिवस बोलली नाही. घाबरली होती. नोकरी सोड म्हणेल असं त्याला वाटलं. तिसऱ्या दिवशी डबा देताना म्हणाली, खुशाल चढा, पण दोर आणि पट्टा स्वतःच्या हाताने तपासल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. दुसऱ्याने तपासला असला तरी नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत त्याने ते मोडलं नव्हतं. कंपनीत त्याला 'दोरवाला परब' म्हणायचे ते त्यावरून.

सांगून झालं. आपण काय बोलून बसलो, ते त्याच्या लक्षात यायला लागलं होतं. पूर्वीच्या ते आधीच लक्षात आलं होतं, पण ती सुभद्राची मुलगी, तिने घाई केली नाही. पोळी वाढली. वर तूप घातलं. मग भिंतीवर दोनदा थाप मारून काकांना बोलावलं.

काकांनी सातवं कलम उभ्या उभ्या नव्याने लिहिलं. ग्राहकाने बोट समक्ष पाहून, तपासून, पास केल्याशिवाय कंपनीने तीवर चढू नये. रमाकांतने ते तीनदा वाचलं. यात त्याला खोट काढता येईना, कारण ते त्याचंच होतं.

"बोट नापास झाली तर?" त्याने विचारलं.

"तर नापास," पूर्वी म्हणाली.

त्याने सही केली. काकांनी शिक्का मारला, दोन्ही बाजूंना. बुधवारी दुपारी फी भरली आणि पुढच्या रविवारी पूर्वी गेली.

तिला सोडून आला त्या दिवशी रमाकांतने पलंगाखालचे पार्ट ओढून काढले आणि दारात उभा राहिला. कुठे न्यायचे ते कळेना. शेवटी भंगारवाल्याला दिले. नंतरच्या आठवड्यात त्याने वरण शिजवलं. पहिलं वरण काकांनी खाल्लं आणि शेरा दिला की अर्ज अपूर्ण असल्याने परत. दुसऱ्या वेळी मीठ पडलं होतं. रोज सकाळी आठला फोन यायचा. पूर्वी म्हणायची, मशीन चालू आहे, तुमच्याकडे काय. तो सांगायचा, मोरीचा नळ ठिबकतोय. नळाचं नाही विचारलं, तुमचं विचारलं, असं ती म्हणायची. मग एक दिवस त्याने सांगितलं की जिना चढताना डावा गुडघा आवाज करतो. लपवून ठेवू नये असं लिहिलं होतं म्हणून सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं. पूर्वीने रत्नागिरीत बसून परळच्या डॉक्टरची वेळ घेतली. डॉक्टरने गुडघा बघितला आणि प्रेशरची गोळी चालू केली. गुडघ्याला काही दिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये सुभद्राचं वर्षश्राद्ध झालं. पूर्वी त्याला आली होती, ती व्हिजिट धरायची की नाही यावर बापलेकीत थोडा वाद झाला. जाताना तिने बॅगेतून कॉलेजचं पत्र काढलं. डिसेंबरच्या वीस तारखेला बोटीची सफर. पालकाचं संमतीपत्र सोबत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रमाकांतने चार दिवसांची रजा टाकली. एसटीने रत्नागिरीला उतरला तेव्हा त्याच्या पाठीवर कपड्यांची पिशवी होती आणि हातात हत्यारांची.

बोट जेट्टीला लागलेली होती. तिचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, एक म्हातारा होता, शिवा नाव. समुद्राने वाळवून काढलेला माणूस. कॉलेजच्या सरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की एक पालक बोट बघायला येणार आहेत. पालक येतात, फोटो काढतात, जातात, एवढं त्याला माहीत होतं. या पालकाने बूट काढले, पिशवीतून पाना, टॉर्च आणि सुती फडका काढला आणि सरळ विंचपाशी जाऊन बसला. जाळं ओढायचं ते यंत्र बघून रमाकांतचा जीव जरा भांड्यात पडला. ड्रम होता, तारेचा दोर होता, ब्रेक होता. आडवी पाडलेली लिफ्टच होती ती.

त्याने दोराला फडका गुंडाळला आणि हात सरकवत नेला. एखादी तार तुटली असेल तर ती फडक्यात अडकते. एक वाव, दोन वाव, पंधरा वाव. फडका कुठेच अडकला नाही. दोराला ग्रीस होतं, तेही ताजं, आणि त्याच्या स्वतःच्या टॉवरमधल्या दोरापेक्षा बरं. त्याने ब्रेक बघितला. इंजिनाखाली टॉर्च मारून बघितलं. मग लाइफ जॅकेट काढायला लावली आणि बावीसच्या बावीस जॅकेटांचे बकल लावून आणि काढून बघितले. पूर्वी जेट्टीवर उभी होती. तिच्या दोन मैत्रिणी लांबून बघत होत्या आणि ती त्यांना ओळखत नसल्यासारखं करत होती.

"पावणं," शिवा तांडेल शेवटी म्हणाला, "बोट विकत घेताव काय?"

रमाकांतने सांगितलं की पोरीला पाठवायची आहे. त्याने नापास करायला काहीतरी मिळावं म्हणून आणखी एक फेरी मारली. काही मिळालं नाही. थोडा निराशच झाला तो. मग खिशातून संमतीपत्र काढून त्याने विंचवर ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"समदं बघितलंव," तांडेल म्हणाला. "दोर बघितलाव, ब्रेक बघितलाव. पोरीला पोहता येतं काय?"

रमाकांतने पूर्वीकडे बघितलं. पूर्वीने रमाकांतकडे बघितलं. दोन फुलस्केप कागद, पुढची बाजू आणि मागची, सात अधिक चार कलमं, एक हेडक्लार्क, तीन दिवस, आणि हे कुणालाही सुचलं नव्हतं.

"तुमाला येतं?" तांडेलाने विचारलं.

"माझ्या वडिलांना यायचं," रमाकांत म्हणाला.

"तुमाला?"

"लालबागला पाणी कुठे?"

तांडेल इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. पूर्वी बोटीवर यायला निघाली, मग कलम आठवून जेट्टीवरच थांबली आणि तिथूनच म्हणाली की पप्पा, पंचवीस दिवस आहेत, शिकेन. गावात तलाव आहे, सकाळची मुलींची बॅच आहे. रमाकांतने तिला विचारलं की भीती वाटते का.

"वाटते," ती म्हणाली. "लपवून ठेवू नये म्हणून सांगितलं."

रमाकांतने सही केली. सहीच्या वर, छापील मजकुराला बाण करून, त्याने बारीक अक्षरात लिहिलं, पोहता आल्यानंतरच. सर काय म्हणतील ते म्हणोत. मग त्याने हाताने खूण केली आणि पूर्वी बोटीवर चढली, जेट्टीला बांधलेल्या बोटीवर, आणि तांडेलाने दोघांना काळा चहा दिला.

आता सकाळच्या फोनवर तेवढाच रिपोर्ट असतो. पहिले चार दिवस ती पायऱ्यांवर बसून पाय हलवत होती. पाचव्या दिवशी तोंड पाण्यात घातलं आणि नाकात पाणी गेलं. काका रोज सव्वाआठला दारात येऊन प्रगती विचारतात आणि वहीत तारीख टाकतात. काल तिने काठाला धरून पाय मारले आणि डावा हात सोडला. सफर वीस तारखेला आहे. उजवा हात अजून सोडलेला नाही.